तीस धावांची अट

२०२५च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या अवघ्या पंचवीस दिवसांत मुंबईच्या मैदानांनी तीन माणसे गमावली. ६ फेब्रुवारीला द्वारकानाथ संझगिरी गेले, १९ फेब्रुवारीला मिलिंद रेगे आणि ३ मार्चला पद्माकर शिवलकर. रेगे दादर युनियनचे, शिवलकर शिवाजी पार्क जिमखान्याचे, आणि संझगिरी मैदानावरची माणसे मराठी वाचकाच्या घरात आणून बसवणारे लेखक. एका बाजूचा खेळाडू, दुसऱ्या बाजूचा खेळाडू आणि दोघांविषयी लिहिणारा, असे तिघे एका महिन्यात जावेत याची हळहळ आजही वाटते. परंतु स्मृतिदिनाला फोटोला हार घालून हात झटकण्याइतका हा विषय लहान नाही. हे तिघे ज्या चुरशीतून घडले, ती चुरस छापून येणे बंद झाले तर काय होते, हा प्रश्न त्यांच्या निमित्ताने विचारायला हवा.

दादर युनियन विरुद्ध शिवाजी पार्क जिमखाना या सामन्याचे वजन आजच्या तरुण वाचकाला सांगून पटणार नाही. दादर युनियनच्या नावात दादर असले तरी मैदान माटुंग्याचे. माधव मंत्री, नरेन ताम्हाणे, वासू परांजपे, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर ही त्यांची माणसे. समोर शिवाजी पार्क जिमखान्याकडे अजित वाडेकर, संदीप पाटील, शिवलकर. दोन स्टेशनांच्या अंतरातल्या या दोन क्लबांतून देशाचे कर्णधार निघाले. कांगा लीग असो, पुरुषोत्तम शील्ड असो की तालीम शील्ड, या दोघांची गाठ पडली की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आठवडाभर हमरीतुमरी चाले. युनियनची शिस्त मोठी की पार्काची जिगर मोठी, पंचांनी कुणाला झुकते माप दिले, निवड समितीत कुणाचा माणूस बसला आहे, आणि सोमवारच्या पेपरात कुणाच्या बातमीला वरची जागा मिळाली, यावरून चुलतभावांत अबोला धरला जाई. यातला शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुंबईचा क्रिकेटरसिक सामन्याइतकाच सामन्याच्या बातमीवरही भांडत आला आहे, आणि ते भांडण कधीच रिकामटेकडेपणाचे नव्हते.

पावसाळ्यातली कांगा लीग ज्यांनी पाहिली आहे त्यांना बातमीची किंमत ठाऊक आहे. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ साली ही स्पर्धा सुरू झाली. खेळपट्टी ओली, भोवतालचे गवत गुडघ्याला टेकणारे, जमिनीलगत मारलेला चेंडू वीस पावलांवर थांबणार. तिथे पंचवीस धावा करणारा फलंदाज कोरड्या दिवसांतल्या शतकवीराच्या मानाने तंबूत परते. आझाद मैदानावर एकमेकांना खेटून इतके सामने चालत की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या पंचाशेजारी उभा असे. तंबूत लाकडी टेबलावर प्लॅस्टिक अंथरून त्याखाली स्कोअरबुक सांभाळणारा स्कोअरर हा त्या दिवसाचा खरा साक्षीदार. सामना संपला की धावफलक कागदावर उतरवून कुणीतरी फोर्टातल्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्या गाठायचा. चिखलाने माखलेले बूट, खांद्यावर किट आणि खिशात तो कागद. कागद वेळेत पोचला तर सोमवारी नाव छापून येणार, नाही तर रविवार पाण्यात.

नाव छापून येण्याला एक पायरीही होती. शालेय क्रिकेटच्या बातमीत नाव यायचे तर फलंदाजाने किमान तीस धावा केलेल्या असाव्यात, असा वृत्तपत्रांचा दंडक असे. सचिन तेंडुलकरने आत्मचरित्रात त्याविषयीची आठवण सांगितली आहे. शारदाश्रमकडून खेळताना त्याने २४ धावा केल्या. स्कोअररने अवांतरातल्या सहा धावा काढून त्याच्या खात्यात टाकल्या. संघाच्या एकूण धावसंख्येत काही फरक पडत नव्हता आणि पोराचे नाव पेपरात येणार होते. नाव आलेही. रमाकांत आचरेकर सर मात्र संतापले. ज्या धावा तू काढल्या नाहीस त्या तुझ्या नावावर कशा, हा त्यांचा सवाल होता.

ही आठवण सांगताना सगळे आचरेकरांच्या शिस्तीचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. आम्हाला त्यातली दुसरी गोष्टही तितकीच मोलाची वाटते. एका शाळकरी मुलाच्या सहा धावांची उठाठेव करावी, इतकी त्या चार ओळींच्या बातमीला किंमत होती. ती बातमी आजोबा कापून ठेवत, शेजारी वाचत, पुढच्या सामन्यातला प्रतिस्पर्धी वाचे, आणि मुख्य म्हणजे निवड समितीतले सभासद वाचत. १९८८च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. ती देशभर पोचली, कारण शाळांचे सामने छापण्याची रीत या शहरात आधीपासून होती. १८९७ सालापासून चालत आलेल्या त्या ढालीवर वृत्तपत्रांनी कायम नजर ठेवली नसती, तर तो विक्रम स्कोअरबुकातच पडून राहिला असता.

तेव्हा कोण बलवान हे मैदान ठरवते हे जितके खरे, तितकेच कुणाचे बळ लोकांना दिसावे हे छापणारा ठरवतो हेही खरे. या सत्तेशी मुंबईकर वाचक शंभर वर्षांपूर्वीच झगडला आहे. गिरगावच्या कडेला समुद्रालगत पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने ओळीने उभे आहेत. त्यांच्यात आणि युरोपियनांच्या संघात होणाऱ्या चौरंगी सामन्यांसाठी अख्खी मुंबई लोटत असे. पालवणकर बाळू हा हिंदू संघाचा सर्वांत मोठा गोलंदाज. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले होते. तरीही चांभार समाजात जन्मलेल्या बाळूला हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद देण्याची निवड समितीची तयारी नव्हती. १९२० साली तर त्याला संघातूनच वगळले. त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी माघार घेतली आणि आपली बाजू वृत्तपत्रांतून जाहीरपणे मांडली. शहरात वादळ उठले. त्याच हंगामातल्या अंतिम सामन्याला भाऊ परत आले, बाळूही आला आणि त्याला उपकर्णधार करावे लागले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला आणि त्याच्या हाताखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवले. पुढे विठ्ठलने ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीतच लिहिले. ते आजच्या प्रत्येक क्रीडा पत्रकाराने वाचावे असा आमचा आग्रह आहे.

वाद नेहमी सुटसुटीत नसतात, हेही त्याच मैदानाने शिकवले. चौरंगीची १९३७ साली पंचरंगी झाली. धर्मावर बेतलेले संघ देश दुभंगत असताना खेळवावेत काय, यावर मुंबईच्या वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे रणे माजली. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी या स्पर्धेच्या विरोधात ठाम उभे राहिले. डिसेंबर १९४०मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींकडे गेली, तेव्हा त्यांनीही स्पर्धा बंद व्हावी असे म्हणणाऱ्यांची बाजू घेतली. लोक तरीही ब्रेबर्न स्टेडियमवर गर्दी करत राहिले. १९४३च्या हंगामात हिंदूंच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्यावर, ‘शेष’ या पाचव्या संघाच्या ३८७ धावांतल्या एकट्या विजय हजारे यांनी ३०९ केल्या. ते पाहायला जाणाऱ्या कुणाला पेपरातला अग्रलेख अडवू शकला नाही. स्पर्धेला विरोध करणाऱ्या संपादकाच्या अंकातही तिची बातमी सविस्तर येई. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. मत अग्रलेखात मांडावे आणि धावफलक पूर्ण छापावा, हा पत्रकारितेचा सरळ धर्म आहे.

आता मुंबईच्या वाचकाला न रुचणारे थोडे बोलले पाहिजे. या शहराने चुरशीची बातमी छापली, पण बव्हंशी आपलीच. १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात मुंबईने सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला. त्या दरम्यान देशातले क्रिकेट म्हणजे मुंबईचे क्रिकेट, अशी वृत्तपत्रांचीही समजूत झाली. पुण्या-कोल्हापूरच्या रसिकांचा त्यावर जुना रोष आहे आणि तो अनाठायी नाही. कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा ४५२चा विक्रम नऊ धावांवर असताना काठियावाडच्या कर्णधाराने संघच मैदानाबाहेर नेला. या फलंदाजाला एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही. निंबाळकर दादरला राहत असते तर, हा प्रश्न कोल्हापुरात आजही विचारला जातो. त्याला ठोस उत्तर कुणाजवळच नाही, पण प्रश्न उद्धट म्हणून झटकून टाकण्याचा अधिकार मुंबईला नाही.

शिवलकरांचेच पाहा. १९७२-७३च्या चेपॉकवरच्या अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, तरी बिशनसिंग बेदी समोर असल्यामुळे कसोटीची टोपी मिळाली नाही. मुंबईत या अन्यायाची कहाणी लहान मुलालाही माहीत आहे. पण त्याच काळात, तोच डावखुरा फिरकी मारा करणारा आणि त्याच बेदींमुळे बाहेर राहिलेला हरियाणाचा राजिंदर गोयल किती मुंबईकरांना ठाऊक आहे? त्याचे बळी ७५०. शिवलकरांची कहाणी आपल्या पेपरांनी पन्नास वर्षे सांगितली, गोयलची सांगणारे रोहतकजवळ तितके कुणी नव्हते. या दोन माणसांच्या कीर्तीत जो फरक पडला तो बळींमुळे पडलेला नाही, हे आकडेच सांगतात.

आणि या बाबतीत अनुकरण करावे असे उदाहरणही आपल्याच मैदानावरचे आहे. सुनील गावसकर यांनी ‘आयडॉल्स’ या पुस्तकात आपल्याला मोठ्या वाटलेल्या खेळाडूंवर लिहिले. त्यात जगभरचे कसोटीवीर आहेत. देशाकडून एकही कसोटी न खेळलेल्या दोघांनाही त्यांनी त्या पंगतीत बसवले. एक शिवलकर, दुसरे गोयल. लिहिणारा दादर युनियनचा, एक मानकरी शिवाजी पार्कचा, दुसरा हरियाणाचा. प्रतिस्पर्ध्याच्या गुणांची इतकी स्वच्छ नोंद आमच्या माहितीत फार थोड्यांनी केली आहे. जो वर्षानुवर्षे समोर उभा राहून खेळला, त्यालाच समोरच्याचे पाणी नेमके कळलेले असते.

हीच दानत आज विदर्भाच्या बाबतीत दाखवण्याची वेळ आली आहे. २०२४च्या मार्चमध्ये वानखेडेवर मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवून बेचाळिसावा रणजी करंडक उचलला. वर्षभराने नागपुरात उपांत्य सामन्यात विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवले आणि पुढे करंडकही जिंकला. त्यांचा हा तिसरा. रेगे गेले ते याच उपांत्य सामन्याच्या तिसऱ्या दिवशी. मुंबईचे खेळाडू दंडाला काळी फीत बांधून उतरले होते. अशा सामन्याची बातमी ‘मुंबई हरली’ एवढीच होत असेल, तर नागपूरच्या वाचकाने रागावणे रास्त आहे. ‘विदर्भ जिंकला’ हे वाक्य मुंबईच्या छापखान्यात सहज जुळले पाहिजे. दोन्ही संघांत मराठी बोलणारी पोरे आहेत, दोन्हींना एकमेकांची धास्ती आहे, आणि नवी चुरस जन्माला येत असताना ती नीट टिपणे याहून क्रीडा पानाचे वेगळे काम कोणते?

मराठीत ही समज आणणाऱ्यांत वि. वि. करमरकर अग्रभागी होते. मराठी दैनिकात खेळाला हक्काचे रोजचे पान मिळवून देण्याचे श्रेय त्यांना जाते. त्या पानावर क्रिकेटइतक्याच तोलाने कबड्डी आणि खो-खो असे. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या आवारात आणि चाळींच्या पटांगणात दिव्यांच्या प्रकाशात रात्री उशिरापर्यंत कबड्डीचे सामने रंगत. पाळी संपवून आलेला कामगार अंगाला माती लावून उतरे आणि सकाळी चहाच्या दुकानात आपल्या मंडळाचा निकाल शोधी. संदीप पाटील यांनी ‘एकच षटकार’चे संपादन केले, संझगिरींनी महापालिकेतली अभियंत्याची नोकरी सांभाळून मराठीत क्रिकेटवर विपुल लिहिले. या मंडळींनी वाचकाला खेळाडूचा पत्ता दिला, त्याचा क्लब दिला, त्याच्या मैदानाची ओळख करून दिली.

आता पत्ता गेला आहे. जुलै २०१४मध्ये वरळीत प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला आणि कबड्डीपटूला पहिल्यांदाच देशभर चेहरा मिळाला. ते चांगलेच झाले. पण तो खेळाडू परळच्या कुठल्या मंडळात घडला, हे सांगणारी ओळ त्याच सुमारास गळाली. क्रिकेटमध्ये तर पारडे कधीच फिरले. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढी रक्कम मोजणारा दोन महिने दुसरे काही दिसू देणार नाही, हे उघड आहे. चर्चा घडवणाराही तोच, चर्चेत बसणारे जाणकार नेमणाराही तोच. कोणता संघ बलवान, कोणती लढत ‘महामुकाबला’, हे तोच ठरवतो.

हे कुठवर जाऊ शकते ते अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये दिसले. तिथला फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ. विद्यापीठांचे प्रादेशिक गट असतात आणि त्या गटांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेली वैरे. ईएसपीएन ही वाहिनी बलाढ्य दक्षिणपूर्व गटाचे सामने दाखवते, त्या गटाच्या नावाची स्वतंत्र वाहिनी चालवते आणि कोणता गट श्रेष्ठ यावर दिवसभर चर्चाही घडवते. बाकी गटांचे चाहते याविरुद्ध ओरडत आहेत. प्रक्षेपणाच्या पैशाच्या मागे विद्यापीठे इकडून तिकडे गेली. पश्चिम किनाऱ्यावरचा जुना बारा विद्यापीठांचा गट २०२४मध्ये दोघांवर आला. ओक्लाहोमा राज्यातल्या दोन विद्यापीठांची १९०४पासूनची लढत, एकाने गट बदलल्यामुळे २०२३नंतर थांबली. शंभरावर वर्षे जी पोरे एकमेकांना हरवण्यासाठी वर्षभर घाम गाळत होती, त्यांच्या सामन्याला वेळापत्रकात जागा उरली नाही.

माटुंग्याला रुईया आणि पोदार ही महाविद्यालये एकाच शिक्षण प्रसारक मंडळीची, एकमेकांना लागून उभी. पोदारमधून वेंगसरकर आले, रवी शास्त्री आले. आज या दोघांचा आंतरमहाविद्यालयीन सामना असला तर त्याचा निकाल कोणत्या दैनिकात वाचायला मिळतो? मुलांना निकाल फोनवर कळतो हे खरे. पण फोनवरचा निकाल ज्याने शोधला त्यालाच सापडतो. छापलेला निकाल ज्याने शोधला नाही त्याच्याही नजरेस पडतो, आणि अनोळखी माणसाच्या नजरेस पडणे यातूनच खेळाडूचे नाव मोठे होते. मैदानावरच्या सामन्यांना प्रेक्षक नाहीत म्हणून बातमी नाही, असे काही संपादक सांगतात. बातमी नाही म्हणून प्रेक्षक नाहीत, हे त्याच सत्याचे दुसरे टोक त्यांनी तपासलेले नाही. कांगा लीगच्या चिखलात हजारोंची गर्दी कधीच नव्हती. तंबूतली चाळीस माणसे आणि सोमवारचे हजारो वाचक, एवढ्यावर ती स्पर्धा उभी राहिली.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मुंबईच्या मराठी वृत्तपत्रांनी पावसाळ्यात दर सोमवारी कांगा लीगच्या ‘अ’ गटाचे पूर्ण धावफलक छापावेत आणि खालच्या गटांचे निकाल द्यावेत. हॅरिस आणि गाइल्स शील्ड, आंतरमहाविद्यालयीन सामने, लालबाग-परळची कबड्डी यांना आठवड्यातून एक ठरलेली जागा द्यावी, आणि ती आयपीएलच्या दोन महिन्यांतही मोडू नये. मुलींचे सामने त्याच जागेत, त्याच टायपात यावेत. क्लबांच्या चिटणिसांनी तक्रार करण्यापूर्वी आपले धावफलक त्याच संध्याकाळी, बिनचूक आणि गोलंदाजांच्या पृथक्करणासह पाठवण्याची शिस्त लावावी. अर्धवट नावे आणि जमत नसलेल्या बेरजा पाठवून जागा मागता येत नाही. मुंबई क्रिकेट संघटनेने स्कोअररना बरे मानधन आणि कोरडी जागा द्यावी.

वाचकांनाही सांगणे आहे. यंदाच्या पावसात कांगा लीगचा पहिला रविवार उजाडेल तेव्हा तासभर आझाद मैदानावर किंवा शिवाजी पार्कला उभे राहा, दोन्ही संघांची नावे टिपून घ्या, आणि सोमवारच्या अंकात तो निकाल सापडला नाही तर त्याच दिवशी संपादकाला पत्र धाडा.